घराची किंमत कोण घडवतो?



मुंबईच्या लालबाग-परळ भागातील लहान घराच्या विक्रीची जाहिरात ठरावीक साच्याची असते : दोन खोल्या, देखभालीचा खर्च अल्प, बाजार, शाळा, इस्पितळ आणि स्टेशन पायी अंतरावर. या दोन ओळींत एक संपूर्ण अर्थशास्त्र दडलेले आहे. मालक विकतो चार भिंती. घेणारा पैसे मोजतो ते मुख्यतः भिंतींबाहेरच्या जगाचे.

हे जग कोणी उभारले? करी रोड, चिंचपोकळीची स्टेशने सार्वजनिक पैशावर चालतात. के. ई. एम. रुग्णालय 1926 पासून महापालिका चालवीत आली आहे. खानावळी, व्यायामशाळा आणि मसाल्याचा बाजार गिरणगावाने जगवला. भोंगा वाजताच पायी गिरणी गाठता यावी, म्हणून ही वस्ती इतकी दाट झाली. ज्या पायी अंतराचे आज दाम आकारले जातात, ते श्रमिकांच्या गरजेतून जन्मले आहे.

या मूल्यातील श्रमिकांचा वाटा मात्र पायरीपायरीने आटत गेला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्यांची धुराडी कायमची थंडावली. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची त्रिभागणी केली : एक वाटा मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला, एक मालकांना. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कायद्याच्या एका वाक्याने किती घरे गिळावीत!

‘देखभालीचा खर्च अल्प’ हे शब्दही निरर्थक नाहीत. तीन मजल्यांच्या इमारतीला जिना पुरतो. उत्तुंग मनोऱ्याला उद्वाहने, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि पहारेकरी लागतात. बी. डी. डी. चाळीतील 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळणे ही न्यायाचीच गोष्ट आहे. परंतु घर मोफत मिळाले, तरी महिन्याचे बिल मोफत येत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ते पेलले नाही, तर त्याचे हक्काचे घरही विक्रीस निघते.

अशा विक्रेत्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मुलांच्या वाटण्या करायच्या, तर दोन खोल्यांचे आणखी किती तुकडे पडणार? तो विरार-बदलापूरला मोठे घर घेतो. त्याची किंमत तरुण लोकलमधील तासांनी चुकवतात. वृद्धांचे जवळचे इस्पितळ आणि शेजार दुरावतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सार्वजनिक जमीन विकू नये. तिच्यावर लहान, कमी उंचीची, कमी खर्चाची घरे भाड्याने द्यावीत. पुनर्वसनाच्या प्रत्येक योजनेत देखभालीचा दीर्घकालीन निधी आधी ठेवावा आणि मगच वीट रचावी. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत यावे, ही भिक्षा नव्हे. हा साधा हिशेब आहे.