उंबरमाळीच्या मांडवात महिकावतीची बखर



संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आपली अपात्रता सांगायची आणि मग तासभर बोलायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. मी दोन्ही टाळतो. आज एकाच पोथीविषयी बोलेन. ती आपल्याच उत्तर कोकणातली आहे, तरी शहापूर-मुरबाडच्या व्यासपीठांवर तिचं नाव क्वचितच निघतं.

ती पोथी म्हणजे महिकावतीची बखर. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. महिकावती म्हणजे केळवे-माहीम, आणि पुढे मुंबईचं माहीमही. बखर एका हातची नाही. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी लिहिलेली प्रकरणं, काही ओवीत, काही गद्यात, एकाला एक जोडत गेली. त्यांतला जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा पावणेदोनशे वर्षांहून अधिक अवकाश होता.

गोष्ट थोडक्यात अशी. पैठण-देवगिरीकडचा बिंब राजा समुद्रकाठी आला, त्याच्याबरोबर सहासष्ट कुळं आली, त्यांना गावं वाटून दिली, वतनं लावून दिली. मग लढाया. पुढचा एक राजा वाळकेश्वराला गेलेला असताना सुलतानाचा सरदार निका मलिक याची फौज माहीमवर आली. राणी लढून पडली. पाठोपाठ भायखळ्याच्या रणात राजाही पडला. आज भायखळा म्हटलं की आपल्याला भाजी मंडई आणि राणीची बाग आठवते. बखरकाराला तिथे राज्य बुडालेलं दिसतं.

इतिहासाचे अभ्यासक या बखरीकडे जरा डोळे बारीक करूनच पाहतात, आणि ते योग्यच आहे. शकांचा घोळ आहे. एक बिंब बाराव्या शतकातला, दुसरा अल्लाउद्दिनाच्या देवगिरीवरील स्वारीनंतरचा, आणि त्याला रामदेवरावाचा मुलगा ठरवलेलं. यादवांच्या बाकीच्या साधनांशी हे नीट जुळत नाही. पण राजांची वंशावळ तपासायला म्हणून ही बखर उघडली, तर तिच्यातलं उत्तम ते हातचं जातं. सैन्यं येताहेत-जाताहेत, धनी बदलताहेत, अशा मुलखात घाटावरून आलेल्या माणसांनी आपण कोण, कुठून आलो, कोणतं गाव कुणाला मिळालं, हे लिहून ठेवलेलं आहे. राजाचं नाव त्यात साक्षीदारासारखं येतं. मूळ चिंता वतनाची आहे. लढाईच्या दिवसांत घर जळतं तेव्हा दागिन्यांच्या आधी कागद बाहेर काढणारी माणसं असतात. त्यांची ही बखर आहे.

आणि ती लिहिली कशासाठी? बखरीतच सांगितलं आहे. मालाडच्या नायकोराव देसल्याच्या स्वप्नात देवी आली. म्हणाली, लोक आचार विसरले, कुळं विसरले. सगळ्यांना एकत्र कर आणि महाराष्ट्रधर्म सांग. मग माणसं जमली, आणि केशवाचार्याने पूर्वजांची हकिकत त्यांच्यापुढे मांडली. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात जमावासमोर ग्रंथ वाचला जात होता. अध्यक्ष होता की नाही ठाऊक नाही. नसल्यास वाचन वेळेवर संपलं असेल.

आता राजवाड्यांकडे येतो. बखरीला त्यांनी लांबलचक प्रस्तावना जोडली, आणि बखरीपेक्षा तीच अधिक गाजली. राज्यं आली-गेली तरी इथला सामान्य माणूस थंड का राहिला, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की, या भूमीत अन्न सहज मिळतं. पोट भरायला सरकार लागत नाही. म्हणून लोकांनी सरकार म्हणजे चोरांची टोळी मानली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. राजवाड्यांविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो, हे उत्तर त्यांनी वतनदाराच्या कागदातून आणि नारळी-पोफळीच्या पट्ट्यातून काढलं. कसाऱ्याच्या अलीकडे उतरून चार डोंगर चढले असते, तर हे वाक्य त्यांनी लिहिलं नसतं.

अन्न सहज मिळतं म्हणजे कुठे? इथे आधी राब भाजायचा, पावसात रोप उपटून चिखलात वाकून आवणी करायची, डोंगराच्या वरकस उतारावर नाचणी-वरई घ्यायची. पीक आलं की सावकाराची खावटी, म्हणजे खाण्यासाठी उसनं घेतलेलं धान्य, फेडायची, आणि होळी येईतो कणगीचा तळ दिसायचा. पुढे करवंदं, कंद, मोहाची फुलं, नाहीतर भिवंडीकडची वीटभट्टी. मांडवात मागे बसलेल्या आयाबायांना हे मी सांगायला नको. त्या हसताहेत ते मला दिसतंय.

या डोंगरातला माणूस राजसत्तेकडे पाठ फिरवून बसला असेल, तर भरल्या पोटाने नाही. माहुलीचा गड पाहा. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा डाव इथे मांडला आणि गड सोडावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना गेला, १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. वर निशाण बदललं तरी खाली सारा द्यावाच लागतो, वेठ धरली जाते, हा अनुभव ज्याच्या पाठीवर आहे तो नव्या धन्याचा जयजयकार जपूनच करणार. याला औदासीन्य म्हणायचं की हिशेब? मी हिशेब म्हणतो.

पुढचं पाहायला राजवाडे नव्हते; ते १९२६ साली गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, २ जानेवारी १९४३ रोजी, आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या जंगलात स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी कोतवालांनी सावकाराच्या खावटीतून गरिबांना सोडवायला धान्यकोठारं काढली होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी कणगी, मग मनोरा. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी वारल्यांनी वेठीला नकार दिला. त्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली. राजवाड्यांना हवा होता तो सामान्य माणूस उभा राहिला, पण अन्नाच्या सुबत्तेने नव्हे, अन्नाच्या प्रश्नावरच.

पुन्हा बखरीकडे येतो. तिच्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली लिहिणारे म्हणून नाहीत. सहासष्ट कुळं आली तेव्हा डोंगरात कोण होतं, हे केशवाचार्याला सांगायचं नव्हतं, कारण या माणसांना वतन मागायचं नव्हतं. त्यासाठी बखरकाराला दोष देण्यात अर्थ नाही. दावा लावणाऱ्याने दुसऱ्याचा दावा लिहावा, अशी अपेक्षा कोण करील?

म्हणून, डोंगरातल्यांचं म्हणणंही लिहिलं जावं यासाठी, आयोजकांकडे एक मागणी, ठरावात घातली तर बरं. धरणाखाली गेलेल्या वाड्यांची, तिथल्या शेतांची, देवांची नावं ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसं अजून या दोन तालुक्यांत आहेत. मुंबईची तहान भागवणारं पाणी ज्या गावांवर उभं आहे, त्यांचं इथे कुणी लिहिलेलं फारसं सापडत नाही. प्रत्येक शाळेने आपल्या पंचक्रोशीची एक वही करावी. बोलणाऱ्याच्या बोलीत लिहावी, शिक्षकांनी ती ‘शुद्ध’ करू नये. पुढच्या संमेलनात कवितावाचनाआधी त्या वह्या वाचाव्यात. कवी मित्रांना थोडं थांबावं लागेल. निमंत्रितांची यादी पाहता, त्यांना वेळ कमी पडेल असं मला वाटत नाही.