अर्भकाची कावीळ आणि यकृताची चाचणी

नवजात अर्भकास कावीळ होणे हे नवल नव्हे. बहुधा ती आपोआप ओसरते. परंतु ती दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळली, शी पांढुरकी होऊ लागली आणि लघवीने लंगोट पिवळा पडू लागला, तर पित्तनलिका बंद होत असल्याची शंका घेणे प्राप्त आहे. 'बिलिअरी अट्रेझिया' तो हाच विकार. तुंबलेल्या पित्तामुळे यकृत तंतुमय व कठीण होत जाते. उपचार न झाल्यास बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात.

जपानमधील सेंदाई येथील शल्यविशारद डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली यावरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत निकामी नलिका काढून आतड्याचा फाटा थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. जन्मापासून ६० दिवसांच्या आत ती झाल्यास यशाची शक्यता अधिक. तथापि पित्त वाहू लागले, तरी यकृताचे कठीण होणे पुष्कळदा थांबत नाही. कोणाचे यकृत तग धरील आणि कोणास यकृतरोपण लागेल, हे आधी उमगले, तर दाता शोधण्यास व बाळाचे पोषण सुधारण्यास अवधी मिळतो. दाता बहुधा घरातलाच असतो, म्हणून हा अवधी मोलाचा.

पूर्वी याचा अंदाज मुख्यतः रक्ततपासणीवरून आणि सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्यावरून बांधीत. तो तुकडा इवलासा; साऱ्या यकृताची साक्ष तो देईलच असे नाही. आता 'इलॅस्टोग्राफी' या तंत्राने पोटावर उपकरण टेकवून यकृतात सूक्ष्म कंपन सोडतात आणि ध्वनिलहरींनी त्याचा वेग मोजतात. यकृत जितके कठीण, तितका वेग जास्त. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. शस्त्रक्रियेनंतर हा आकडा चढा राहिलेल्या बालकांत पुढे रोपणाची गरज अधिक पडते, असे अभ्यासांत आढळले आहे.

मात्र एका आकड्यावर बाळाचे भवितव्य ठरविणे गैर होय. नुकतेच पाजलेले दूध, पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग, तुंबलेले पित्त यांनीही आकडा चढतो. पोटात पाणी असल्यास काही उपकरणांचे मापन फसते. शिवाय रडणारे तान्हे बाळ उपाशी व निश्चल ठेवणे किती अवघड, हे कोणत्याही आईस ठाऊक आहे! म्हणून मापन पुनःपुन्हा करून आकड्याचा कल पाहतात. जोडीला प्लीहेचा आकार, रक्तातील बिंबाणू आणि तीन महिन्यांनंतरचे बिलिरुबिन विचारात घेतात.

या सर्वांआधी वेळेवर निदान हवे. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचे चित्रपत्रक देशभर मातांच्या हाती दिले. त्यानंतर ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण तेथे वाढले.