खुरटलेले मूल आणि शिक्षकाची दृष्टी
(इस्लामपूर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



वर्गात एखादे मूल सात वर्षांचे असून पाच वर्षांचे दिसते. वरचेवर आजारी पडते. आपल्या सांगली जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव मोठा होता. त्यामुळे अशा मुलाविषयी गावात लागलीच कुजबुज सुरू होते. तिचाच विचार आज करावयाचा आहे.

हा विषाणू मातेकडून बालकास गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी वा अंगावरील दुधातून मिळू शकतो. उपचार नसल्यास शंभरांपैकी १५ ते ४५ बालकांना तो होतो. माता व बालक दोघांनाही वेळेवर औषधे मिळाल्यास हे प्रमाण ५ हूनही खाली येते.

बाधित बालक जन्मतः बहुधा इतर बालकांसारखेच दिसते. पुढे उपचाराअभावी वजन व उंची खुंटते. बसणे, चालणे, बोलणे लांबते. कानांखालील ग्रंथी सुजतात. वयात येणेही लांबते. वारंवारचे जुलाब व ताप, अन्न अंगी न लागणे आणि मेंदूवर होणारा विषाणूचा परिणाम ही त्याची कारणे होत. औषधे वेळीच सुरू झाल्यास वाढ पुष्कळ अंशी भरून निघते.

१९८६ साली न्यूयॉर्कमधील काही डॉक्टरांनी अशा बालकांची चेहरेपट्टी विशिष्ट असते, असे प्रतिपादन केले. पुढील अभ्यासात ते टिकले नाही. जेथे तज्ज्ञांची नजर चुकली, तेथे आपण चेहऱ्यावरून निदान कसे करावे? कुपोषण, क्षय, जंत यांनीही मूल खुरटते. निदान रक्ततपासणीनेच होते.

मग शिक्षकाने काय करावे? उंची व वजन नियमित नोंदवावे. वाढ थांबलेली दिसल्यास पालकांना एकान्तात भेटून, रोगाचे नाव न काढता, प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. सरकारी उपचार २००४ पासून विनामूल्य आहेत. एका बाकावर बसल्याने, एका पंक्तीत जेवल्याने वा खेळल्याने हा विषाणू पसरत नाही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये या कारणावरून शाळाप्रवेश नाकारता येत नाही. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट संमतीवाचून उघड करणेही योग्य नव्हे.

बंधुभगिनींनो, औषध देणे डॉक्टरांचे काम आहे. मुलाची पंक्तीतील जागा राखणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.