लिहिणं अडतं तेव्हा



नोकरी न करता लेखनावर घर चालवणाऱ्या माणसाला एक प्रश्न सारखा ऐकावा लागतो : "सध्या नवीन काय?" हातात काम असलं की उत्तर तयार असतं. नसलं की तो साधा प्रश्नही रात्री झोपू देत नाही. अशा वेळी मला आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर आठवतात.

शिरोड्याच्या शाळेतली अठरा वर्षांची नोकरी सोडून 1938 साली ते इथे आले. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी 'छाया' चित्रपटाची कथा त्यांनी आधीच, 1936 मध्ये, लिहिली होती. आता सगळी भिस्त लेखणीवर. सुरुवातीची वर्षं भरभराटीची होती. 'दोन मने', 'हिरवा चाफा', 'रिकामा देव्हारा', 'पांढरे ढग' अशा कादंबऱ्या एकापाठोपाठ एक आल्या, 1942 मध्ये 'क्रौंचवध' आली. आणि मग कादंबरी थांबली ती थेट 1954 पर्यंत. त्या वर्षी 'अश्रू' प्रसिद्ध झाली.

मधली बारा वर्षं! इतका वाचकप्रिय लेखक, आणि बारा वर्षं नवी कादंबरी नाही. याच काळात विनायकांची कंपनी मुंबईला गेली, 1947 मध्ये विनायक वारले, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापूर होरपळलं. पण खांडेकरांची लेखणी बंद पडली नव्हती. कथा चालू होत्या, रूपककथा, लघुनिबंध चालू होते. 'अश्रू'नंतर पाच वर्षांनी, वयाच्या एकसष्टीत, त्यांनी 'ययाति' दिली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1974 सालचं, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांच्या रूपाने कोल्हापूरच्या घरी आलं.

मोठं काम अडलं की आपण छोट्या कामाला कमी लेखतो. मला ते पटत नाही. एखादं सदर, एखादा अनुवाद, दिवाळी अंकाची एखादी कथा, यांनी हात चालता राहतो आणि वाणसामानाचं बिलही भागतं. दिवाळी अंकाचा मजकूर भर पावसाळ्यात द्यायचा आणि मानधनाची वाट कधीकधी संक्रांतीपर्यंत पाहायची, हे आमच्या धंद्यातलं खरं दुखणं आहे. ज्याच्या डोक्यावर घरभाडं आहे त्याला नुसतं "प्रेरणा शोधा" म्हणणं मला क्रूर वाटतं. मानधन किती आणि कधी, हे काम घेतानाच विचारावं. त्यात कसला आलाय संकोच?

खांडेकरांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचे डोळे अधू, त्यामुळे ते लेखनिकाला मजकूर सांगत. तरुण कवी ग. दि. माडगूळकरही काही काळ त्यांचे लेखनिक होते. खांडेकरांच्या संग्रहातली पुस्तकं त्यांना तिथे वाचायला मिळाली. आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. एकाने वाक्य मोठ्याने बोलायचं, थांबायचं, दुसऱ्याने ते उतरवून घ्यायचं, "पुढे?" म्हणून मान वर करायची. दिवसातले काही तास तरी लेखकासमोर जिवंत माणूस आहे! आज आमच्यापुढे असतो तो लॅपटॉप. तो "पुढे?" म्हणत नाही.

म्हणून मी लिहिलेलं पान मित्राला फोनवर वाचून दाखवतो. घरात करमेनासं झालं की करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसतो. 1850 पासूनचं हे वाचनालय. तिथे पानं उलटणारी चार माणसं भोवती असली तरी मन ताळ्यावर येतं.

पण सगळंच अशाने सुटत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो लेखकाचा स्वभाव समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.