पदवीधर आणि हजेरीपट

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी घरांतील पहिले पदवीधर आज घडत आहेत. ते महाविद्यालयातून बाहेर पडतात, तेव्हा घरच्यांचे हक्क यंत्राच्या स्वाधीन झालेले त्यांना दिसतात. रोजगार हमीचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळातून ती उभी राहिली, १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. १ जानेवारी २०२३ पासून तिच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर छायाचित्र घेऊन हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले. छायाचित्र पोहोचलेच नाही, तर दिवसभर माती उपसलेली बाई कागदोपत्री गैरहजर!

यंत्र शत्रू नव्हे. खोटे हजेरीपटही याच मजुरांनी सोसले आहेत. प्रश्न आहे तो यंत्र कोणाच्या हाती आणि चुकीची दाद कोठे, हा. येथेच पदवीधराची कसोटी आहे. अर्जामागे पैसे घेऊन त्याने आपली विद्या विकली, तर सावकाराच्या जागी नवा दलाल येईल. तीच विद्या घेऊन तो ग्रामसभेत बसला, कोणाची हजेरी बुडाली, कोणाची मजुरी अडली हे त्याने सर्वांसमोर वाचून दाखवले, तर पदवी एका घराची न राहता गावाची होईल.