वाईची राहिलेली सहल
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत मी फळ्यासमोर एक मिनिटही धड उभा राहत नसे, हे ज्यांना आठवतं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आज मला एक कबुली द्यायची आहे आणि एक मागणी करायची आहे.

दहावीच्या वर्षी, १९८२ च्या डिसेंबरात, आपली सहल वाईला गेली. मघाशी पडद्यावर तिचा फोटो दाखवला, त्यात मी नाही. मला ताप आला होता, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ताप नव्हता.

१८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर होते, त्यात साचेखात्यातले माझे वडीलही. डिसेंबर उजाडला तेव्हा घरात अकरा महिने पगार आला नव्हता. आईची खानावळ होती, पण जेवणारे गडी आपापल्या गावी निघून गेले होते. सहलीच्या वर्गणीचा कागद मी वडिलांना दाखवलाच नाही. सोमवारी तुम्ही सगळे ढोल्या गणपतीबद्दल बोलत होतात आणि मी मान हलवत होतो. भोईवाड्यात तेव्हा असा 'ताप' घरोघरी होता, पण ते एकमेकांना सांगायची पद्धत नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत ती सहल मी पूर्ण केली. बायकोला म्हटलं, चल, पण एसटीनेच जायचं आणि पै-पैचा हिशेब ठेवायचा. पहाटे परळहून पुण्याची गाडी धरली, स्वारगेटला बदलली. खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याला गाडी वळली की थोड्याच वेळात वाई. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे संपूर्ण प्रवासभर आमच्या घरात कोण स्वस्त आणि कोण महाग हे मला ऐकवलं गेलं!

घाटाजवळ एक साधी खोली मिळाली. गरम पाणी बादलीने, पण खिडकीतून कृष्णा दिसायची. सकाळी उठून नदीवर गेलो. वाईचे घाट आळीआळीने आहेत, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे. थंडीच्या दिवसांत प्रत्येक आळी आपापल्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव करते. आपल्याकडे चाळीचाळीचा गणपती असतो, तसंच. वर्गणी, मंडप, जेवणावळ, रुसवेफुगवे सगळं ओळखीचं.

मग ढोल्या गणपती. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ, आत एकाच दगडातली भव्य मूर्ती. तुम्ही मला पोटाबद्दल सांगितलं होतं, पण देवळाची मागची भिंत कुणीच सांगितली नव्हती. ती माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिथे दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. शेवटी बायको म्हणाली, देव पुढच्या बाजूला आहे.

दुपारी मेणवलीला गेलो. अंतर तीनेक किलोमीटर, जाताना चालत आणि येताना रिक्षाने. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घाट आणि तिथल्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. 'स्वदेस' सिनेमात हा घाट तुम्ही पाहिला आहे. घाटावर बसायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच बसलो, भाकरी-पिठलं खाल्लं. परतताना विश्वकोशाच्या कार्यालयावरून आलो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश या गावात बसून उभा केला, पहिला खंड १९७६ चा. म्हणजे आपण सहलीला गेलो, म्हणजे तुम्ही गेलात, तेव्हाही ते काम तिथे चालू होतं.

दोन दिवस, दोन माणसं, जाणं-येणं, राहणं, खाणं, सगळं मिळून तीन हजारांच्या आत. हिशेबाचा कागद खिशात आहे, हवा त्याने बघावा.

आता मागणी. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी आपल्या ग्रुपवर रिसॉर्टचं ठरतंय. माणशी आकडा आला आणि दोन दिवसांत चार-पाच जणांचे निरोप आले. कुणाकडे लग्न, कुणाला सुट्टी नाही, कुणाची तब्येत बरी नाही. खरंही असेल, मी कुणावर शंका घेत नाही. पण मला तो ताप ओळखीचा वाटला.

म्हणून म्हणतो, वाईला जाऊया. शनिवार-रविवार टाळू, म्हणजे खोल्या स्वस्त मिळतील. एसटीनेच जाऊ. मैत्रिणींना अर्धं तिकीट, आणि ज्या सर-बाईंची पंच्याहत्तरी झाली आहे त्यांना तर तिकीटच नाही. वर्गणी सगळ्यांना झेपेल तेवढीच ठेवू. ज्याला जास्त द्यायचं असेल त्याने बंद पाकिटात द्यावं आणि कुणी किती दिले याची यादी वाचू नये. ज्यांना रिसॉर्टला जायचं आहे त्यांनी जरूर जावं, माझा त्याला विरोध नाही. फक्त शाळेची सहल म्हणून जी निघेल, ती सगळ्यांची असावी.

तेव्हाच्या फोटोत मी नव्हतो. आणखी कोण नव्हतं, ते मी कधी मोजलं नाही. घरी गेल्यावर तुम्ही एकदा मोजून बघा आणि त्यांना फोन करा.