चालकाविना मोटार आणि नागरिकांचे मन

चालकाविना धावणाऱ्या मोटारीविषयी लोकांना कुतूहल अधिक की धास्ती, याची शहानिशा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर झाली. 10 ऑगस्ट 2023 रोजी कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने क्रूझ आणि वेमो या दोन कंपन्यांना अशा मोटारी अहोरात्र भाड्याने चालविण्याची मुभा दिली. परंतु तत्पूर्वीच काही नागरिकांनी निषेधाची एक मासलेवाईक युक्ती शोधली होती. रहदारीचा नारिंगी शंकू उचलून बॉनेटवर ठेवावा, की समोर अडथळा भासून ते बुद्धिमान यंत्र जागच्या जागी खिळलेच! अग्निशामक दलाची तक्रार मात्र थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. या मोटारी बंबांची वाट अडवीत असत.

ऑक्टोबरात, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पुढ्यात फेकल्या गेलेल्या पादचारी स्त्रीला क्रूझ कंपनीच्या मोटारीने सुमारे 20 फूट फरफटत नेले, आणि सरकारने कंपनीचा परवाना तहकूब केला. माझ्या मते, अपघाताहूनही लोकांचा विश्वास अधिक ढळला तो कंपनीच्या प्रारंभिक अहवालात त्या फरफटीचा उल्लेखच नव्हता म्हणून.

दुसऱ्या कंपनीची, वेमोची, एक मोटार फेब्रुवारी 2024 मध्ये चायनाटाउनात जमावाने जाळली. तरीही जूनमध्ये वेमोची सेवा प्रतीक्षायादीवाचून सर्वांस खुली झाली, आणि उतारूंची वाण पडली नाही.